कोरोनाच्या साथीत बाहेरदेशी अडकलेले सोलापूरकर: तेव्हा थांबलात की परतलात? आणि आता पुन्हा जाल का?

मागवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या मागं घर. २०१८ पासून तीन वर्षं टांझानियात दार एस सलामला (आम्ही नुसतं दार म्हणायचो) एका कापड गिरणीत मेंटेनन्सला होतो. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. मागच्या आठवड्यात तिथल्या जुन्या साहेबांचा फोन आला, परत या, राहायची सोय, पगार इथल्या दुपटीच्या वर. मी हो-नाही म्हणायच्या आत बायकोनं शेजारून मान हलवली. का हलवली ते मला माहितेय.
२०२० च्या मार्चमध्ये तिथं पहिला पेशंट निघाला, १६ तारखेला अरुशाला, आणि आठवडाभरात इकडं भारतानं विमानंच बंद केली. बायको-पोरगी माझ्याजवळ, आईवडील सोलापुरात. नंतर अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हाही आम्ही थांबलो, कारण गिरणी चालू होती, पगार येत होता, आणि खरं सांगायचं तर सोलापूरच्या बातम्या ऐकून आपण इथंच बरे असं वाटायचं. एप्रिल २०२१ ला वडील गेले. मला येता आलं नाही.
तर विचारायचं असं की साथीच्या वेळी अशा गरम, दमट मुलखात कोण कोण होतं? थांबलात का आलात? आणि परत तसं होऊ शकतं हे धरून आज नोकरी घ्याल का? सल्ला नको, अनुभव सांगा.

सातरस्ता_सुन्या
सल्ला नको म्हणतोस आन सोलापूरच्या लोकान्ला इचारलालास बे? 😀
गंमत सोड. वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

बिनसाखर
मी २०१६ ते २२ सिंगापूर, आयटीवाला. आमच्याकडं भीती लवकर पोचली. ७ फेब्रुवारी २०२० ला सरकारनं धोक्याची पातळी नारिंगी केली आणि त्याच संध्याकाळी दुकानातला तांदूळ, नूडल्स आणि टॉयलेट पेपर साफ. बायको म्हणाली ह्या रांगेत कशाला मरायचं, ज्वारीचं पीठ कोण नेतंय, लिटल इंडियात चल. आणि खरंच, पीठ जसंच्या तसं, धूळ बसलेलं. पुढचे दोन महिने भाकरी खाल्ली, सोलापुरात असताना जेवढी खाल्ली नसेल तेवढी.
मग ७ एप्रिल ते १ जून सर्किट ब्रेकर, म्हणजे लॉकडाउनच पण नाव सभ्य. मास्क नसला की तीनशे डॉलर दंड. आमचे हाल काही नव्हते, घरात एसी, कंपनीचा लॅपटॉप. खरी साथ कामगारांच्या डॉर्मिटरीत. एका खोलीत बारा-पंधरा जण, एकावर एक पलंग, तमिळ आणि बांगलादेशी पोरं. २०२० च्या डिसेंबरात सरकारनंच सांगितलं की डॉर्मिटरीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना होऊन गेलाय. आम्ही खिडकीतून टाळ्या वाजवत होतो तेव्हा ती पोरं खोलीबाहेर पडू शकत नव्हती, आणि शहर उघडल्यावरही त्यांना कितीतरी महिने मोकळं सोडलं नव्हतं. हे सिंगापूरचं गुणगान करणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो.
तुमच्या प्रश्नाबद्दल: आम्हाला जायला कुणी अडवत नव्हतं, परत यायला अडवत होते. नोकरीचा पास असलेल्यालाही आत यायला वेगळी परवानगी लागायची. २०२१ च्या एप्रिल अखेरीस तर भारतातून येणाऱ्यांना दारच लावलं. माझा एक मित्र आईच्या ऑपरेशनला पुण्याला आला तो सात महिने पुण्यातच, तिकडं घराचं भाडं चालू. म्हणून मी गेलो नाही. सासरे आजारी होते तरी. बायको अजून कधीतरी बोलते त्यावर, भांडणात नाही, सहज भाजी निवडताना बोलते, ते जास्त लागतं.

नवीपेठकर
टांझानिया म्हणजे ते पपईवालं ना? तिथं लॉकडाउनच नव्हता म्हणे. मग अडकलात कुठं? आम्ही इथं खिडकीचे गज मोजत होतो.

मागवाला
@नवीपेठकर होय तेच. शाळा-कॉलेजं मार्चमध्ये बंद केली पण लॉकडाउन असा लावलाच नाही. कारियाकू बाजार चालू, डालाडाला (आपल्या टमटमची थोरली बहीण समजा) चालू. अध्यक्ष मागुफुली, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले, त्यांनी मे २०२० मध्ये जाहीर सांगितलं की बकरीचे आणि पपईचे नमुने माणसांची नावं घालून लॅबला पाठवले तर तेही पॉझिटिव्ह आले, म्हणजे किटच खोटी. त्या सुमारास आकडे द्यायचेच बंद केले. ५०९ वर काटा थांबला तो वर्षाहून जास्त दिवस तिथंच. जूनमध्ये प्रार्थनेनं कोरोना गेला म्हणून सांगितलं.
गिरणीत आम्ही खांग्याच्या उरलेल्या कापडाचे मास्क शिवले. खांगा म्हणजे बायका गुंडाळतात ते जोडकापड, त्याच्या काठावर एक म्हण छापलेली असते. आता मास्क कापताना म्हण कुठंही तुटायची. माझ्या तोंडावर अर्धी म्हण आणि फिटरच्या तोंडावर उरलेली अर्धी, सगळे म्हणायचे तुम्ही दोघं जवळ उभे राहा म्हणजे वाचता येईल, आणि जवळ तर उभं राहायचं नाही.
वाफ घ्यायचं तर वेडच. न्युंगू म्हणतात. पातेल्यात निलगिरीचा पाला, लिंबाची पानं, आलं उकळायचं आणि वरून ब्लँकेट. बाहेर बत्तीस डिग्री आणि दमट हवा, आत ब्लँकेटमध्ये तुम्ही. मी एकदा घेतली. कोरोना मेला असेल नसेल, मी मरता मरता राहिलो. आपल्याकडचा बेचाळीसचा उन्हाळा परवडला, घाम निदान वाळतो तरी.
पण खरी भीती वेगळी होती. तिथं ताप आला की पहिली टेस्ट मलेरियाची, बोटाला टोचून पंधरा मिनिटांत. मग डेंग्यू. मे महिन्यात, त्यांचा मोठा पाऊस संपत आला होता, पोरीला एकशे तीन ताप चढला. तेव्हा ती सहा वर्षांची. दवाखान्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर आम्ही दोघं बसलो होतो आणि मलेरियाच निघू दे म्हणून सिद्धेश्वराला हात जोडत होतो. आयुष्यात कुणी असला नवस बोललं असेल का! निघाला मलेरिया. पट्टीवर दोन रेघा दाखवून नर्स वाईट वाटून पोले साना, म्हणजे फार वाईट झालं, म्हणाली, आणि बायको तिच्यासमोर हसायला लागली. त्या बिचारीला कळेना ह्या बाईला झालं काय.

सातरस्ता_सुन्या
दोन रेघा बघून हसणारी बाई म्हटल्यावर नर्सला भलतंच वाटलं आसंल 😂

नवीपेठकर
मागवाला, किस्से झकास पण एक विचारतो, राग मानू नका. आकडे नाहीत म्हणजे रोग नाही असं तुम्हीही धरूनच चाललात ना? "इथंच बरे" ते त्या जोरावरच ना?

मागवाला
हो. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. सोलापूरचा आकडा रोज फोनवर यायचा, दारचा यायचाच नाही, मग मन आपोआप तिकडं झुकतं. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत गिरणीतल्या तिघांच्या घरी माणसं गेली, तिन्ही वेळा न्यूमोनिया. झांझिबारचे पहिले उपाध्यक्ष कोरोनानं गेले, १७ फेब्रुवारीला. महिन्यानं खुद्द अध्यक्ष वारले, हृदयविकार म्हणून जाहीर झालं. लस तिथं सुरू झाली जुलैअखेर, नव्या अध्यक्ष सामियाबाईंनी स्वतः टोचून घेतल्यावर. तेव्हा सोलापुरात आईचे दोन्ही डोस झाले होते.

मॉरिशसची_सून
मी पण सोलापूरची, माहेर दमाणी नगर. नवरा मॉरिशसला गारमेंट फॅक्टरीत. आमच्याकडं उलटं, टांझानियात काहीच बंद नाही तर इथं सगळंच बंद. २० मार्च २०२० पासून लॉकडाउन आणि २४ ला चक्क सुपरमार्केटंही बंद केली. २ एप्रिलला उघडली ती आडनावाच्या अक्षरावर! ए ते एफ सोमवार-गुरुवार, जी ते एन मंगळवार-शुक्रवार, ओ ते झेड बुधवार-शनिवार. दारात पोलीस ओळखपत्र बघणार.
आता ऐका. मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं. सासूबाई नऊ वर्षं त्यावरून धुसफुसत होत्या, दर दिवाळीला एकदा विषय निघायचाच. तर माझं आडनाव एका गटात आणि नवऱ्याचं दुसऱ्या. अख्ख्या बिल्डिंगला आठवड्यातून दोन दिवस दुकान आणि आमच्या घराला चार दिवस. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, त्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "बरं केलंस गं बाई." तेव्हापासून विषय बंद.
तिथल्या मराठी लोकांची खूप मदत झाली. त्यांचे पूर्वज कोकणातून जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी गेलेले, घरात क्रिओल बोलतात पण आरती खणखणीत. जूनपर्यंत बेट मोकळं झालं, आत लागण नाही, सीमा मात्र बंद. स्वर्गात कोंडल्यासारखं. आणि मग जुलैत ते जपानी जहाज खडकावर चढलं, वाकाशिओ, ऑगस्टमध्ये तेल सांडलं. लोकांनी काय केलं असेल? उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि समुद्रात सोडल्या तेल अडवायला. मी पण शिवल्या. तिकडं माढ्याला माझे मामा पाचट पेटवून देतात, त्यांना फोटो पाठवला, म्हणाले आमचं पण घेऊन जा.
उत्तर: थांबलो, आणि परत विचारलं तरी थांबू. पण आमचं बेट लहान, आणि दोन्हीकडचे आईवडील धडधाकट राहिले. नशिबाचा भाग आहे, अक्कल म्हणून सांगत नाही.

पत्तीवाली
सगळं वाचलं. राग नका मानू पण मला थोडं हसू पण आलं. कुठं समुद्र, कुठं डॉलर, कुठं एसी. मी नीलम नगरची, माझी आई आणि सासू दोघी विड्या वळायच्या. लॉकडाउन लागला तशी पानं-तंबाखू मिळायची बंद, कारखाना बंद, म्हणजे हजारामागं जे काय मिळायचं ते बंद. गल्लीत सगळे यंत्रमाग बंद. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गल्लीत रात्री शांतता, आणि सासूला झोपच येईना, खटखट ऐकल्याशिवाय तिला झोप नाही. तंबाखूनं आधीच छाती भरलेली तिची. २०२० च्या जुलैत ती गेली. मी इथंच होते, घर ते दवाखाना दोन किलोमीटर, तरी मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. पिशवी दाखवली लांबून.
म्हणून सांगते, लांब होतो म्हणून राहून गेलं असं जे वाटतंय ना तुम्हाला, ते जवळ असणाऱ्यांना पण तसंच राहून गेलेलं आहे.

बिनसाखर
@पत्तीवाली 🙏 एसीचा टोला बरोबर बसला.

निवृत्त_सिस्टर
पत्तीवाली म्हणते ते खरं आहे. मी तेव्हा सोलापुरात ड्यूटीवर होते. नातेवाईक गेटवर चपला झिजवायचे आणि आत आम्ही. पीपीईत घामानं बूट भरायचे, हे दमट देशवाल्यांनी ऐकून ठेवा, सोलापुरात पण दमट हवा मिळते, प्लास्टिक घाला फक्त. एक आजोबा रोज विचारायचे आषाढीचं काय झालं. त्या वर्षी पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या ना, ते त्यांना सांगितलं तर म्हणाले एसटीत माउलींना खिडकी दिली का.

सातरस्ता_सुन्या
सिस्टर, आजोबा घरी गेले का नंतर?

निवृत्त_सिस्टर
गेले. चालत गेले. म्हणून तर सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं.

जुना_मास्तर
थोडं अवांतर. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाली. १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथं असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत, आणि डिसेंबर १९४२ मध्ये स्वतःच तिथं वारले, वय अवघं बत्तीस. भैय्या चौकात स्मारक आहे. मागवाला, तुमच्यासारखा प्रसंग ह्या गावात नवा नाही एवढंच.

नवीपेठकर
मास्तर, माफ करा पण तुलना जमत नाही. ते सेवेला गेले होते, हे पगाराला.

मागवाला
पगाराला गेलो होतो हे अगदी खरं. मास्तरांचा हेतू चांगला आहे.
आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो, घरात हे बोलणं होत नाही. वडिलांना ताप आला तो मंगळवार. शनिवारी ऑक्सिजन लागला. चुलतभाऊ रेमडेसिवीरसाठी रात्रभर मोटरसायकलवर फिरत होता आणि मी दारहून दर पंधरा मिनिटांनी त्याला फोन करून जीव खात होतो, शेवटी तो म्हणाला दादा तू फोन ठेव, मला एका हातानं गाडी चालवावी लागलालीय. निघायचं म्हटलं तर टेस्टचा रिपोर्ट ७२ तासांच्या आतला हवा, नैरोबी किंवा अदिसवरून फिरून मुंबई, तिथून पुढं चारशे किलोमीटर. ऑफिसात तिकिटाचं विचारलं तर उत्तर आलं की करारात वर्षातून एकदाच आहे आणि ते तुम्ही वापरलंय. स्वतःच्या पैशानं काढलं, सोमवारचं. रविवारी पहाटे ते गेले. मेच्या सुरुवातीला तर टांझानियानं भारताची विमानंच थांबवली.
तिथं सकाळचे साडेआठ, इथं अकरा. भावानं व्हिडिओ लावला. फोनवर त्यानं सॅनिटायझर मारलेलं, काच ओली, त्यामुळं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं, फक्त पालिकेच्या माणसाचे पांढरे बूट स्पष्ट. मी ते बूटच बघत राहिलो. पोरगी मागून विचारत होती बाबा आजोबा कुठले.
दुसऱ्या दिवशी गिरणीतली दहा-बारा माणसं घरी आली, मास्क न लावता. पोले साना, पोले साना करत एकेकानं हात हातात घेतला. पाकिटात पैसे घालून आणले होते. रंबीरंबी म्हणतात, मयताच्या घरी द्यायची पद्धत आहे. ज्यांचा महिन्याचा पगार माझ्या आठवड्याच्या पगाराएवढा त्यांनी. साथ चालू आहे, लांब बसा असं बायको म्हणणार होती, पण नाही म्हणाली. तिनं चहा टाकला. वडील गेल्यापासून तोपर्यंत आम्हाला कुणी हात लावला नव्हता.

मॉरिशसची_सून
काय लिहू कळत नाही.

पत्तीवाली
दादा, मी मगाशी जरा जास्त बोलले. तुम्ही तुमच्या जागी. बूट मी पण बघितलेत.

बिनसाखर
वातावरण हलकं करायला नव्हे, पण काम आहे म्हणून विचारतो, दारला भाकरीचं पीठ मिळतं का? मेव्हण्याला जूनमध्ये जायचंय तिकडं.

मागवाला
@बिनसाखर मिळतं, भरपूर. ज्वारीला म्ताम्बा, चुकलं, म्तामा म्हणतात, पिठाला उंगा वा म्तामा. आपल्या मालदांडीसारखी चव नाही, लालसर असते, गरम पाण्यात उकड काढली तर थापता येते. कडक भाकरी होत नाही, दमट हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडते, दोन वर्षं प्रयत्न केले. तुरीची काळजीच नको, तिथून तर आपल्याकडं तूर येते. शेंगदाणे चांगले, करांगा म्हणतात. चटणी केली होती बायकोनं, पण मिक्सरमधली.

सातरस्ता_सुन्या
म्हंजे चटणी नव्हंच ती. दाण्याचा कूट.

निवृत्त_सिस्टर
मूळ प्रश्नाकडं येऊ या का? मला वाटतं जावं का न जावं ह्यापेक्षा आई कोणाजवळ राहणार ते बघा. आणि करारात अडीअडचणीचं तिकीट, दवाखान्याचा विमा, फार आजारी पडलं तर तिथून हलवायचा खर्च, हे लेखी घ्या. तोंडी साहेब सगळेच गोड असतात.

नवीपेठकर
सिस्टरशी पहिल्यांदाच सहमत. मी नसतो गेलो. पण माझी आई माझ्या घरात आहे आणि माझा पगार बरा आहे, तेव्हा मला बोलायला काय जातंय.

मॉरिशसची_सून
पोरगी आता केवढी झाली? शाळेचं पण बघा. आणि वहिनींना इथलं वाचायला द्या, त्यांची मान कशासाठी हलली ते त्यांनाच लिहू दे.

मागवाला
सगळ्यांचे आभार. दोन दिवस उशिरा लिहितोय.
धागा बायकोला वाचायला दिला. तिनं सगळा वाचला, मलेरियाच्या ठिकाणी हसली, मग म्हणाली, "चहा मी टाकला ते लिहिलंस, पण त्यांच्या पाकिटांची वही मी केली होती ते नाही लिहिलंस." खरंच केली होती. कुणी किती दिले ते नावानिशी, म्हणजे त्यांच्याकडं काही झालं तर परत द्यायला. त्यातले चौघांचे आम्ही यायच्या आधी फिटले, बाकीचे राहिलेत. वही अजून आहे, कपाटात, पासपोर्टच्या खाली.
आई म्हणते तू जा, मी बहिणीकडं राहीन, आणि पाच मिनिटांनी विचारते कधी जालालास. साहेबांना परवा लेखी विचारलं, वर्षाचं एक तिकीट आणि अडचणीचं एक वेगळं, शिवाय चौघांचा विमा, आई धरून. उत्तर म्हणून फक्त अंगठा आलाय. अंगठ्याचा अर्थ काय धरायचा हे त्यांना परत विचारलंय.

सातरस्ता_सुन्या
अंगठा म्हंजे सही आसती बे आपल्याकडं. छापून ठेव.

पत्तीवाली
दादा, जायचं ठरलं तर चटणीचं सांगा. माझी जाऊ उखळात कुटून देते, पाव किलोचे पुडे, तेल सुटलेली. महिनाभर टिकते, तिकडच्या हवेत किती टिकेल माहीत नाही.

मागवाला
दोन किलो लिहून ठेवा ताई. नाही गेलो तरी दोन किलो.